पाचर

मामांच्या वर्कशॉपमध्ये टेबल सॉ चालवणारा माणूस जिथे उभा राहतो, त्याच्या पाठीमागे पत्र्याचं एक कपाट आहे. कपाटाच्या दारावर माझ्या कमरेच्या उंचीला एक खोल पोचा आलाय. गेल्या वर्षी मी सागाच्या फळीतून दीड इंची पट्टी काढत होते. फळी संपत आली, पट्टी पात्यातून सुटली असं मला वाटलं आणि मी हात मागे घेतला. पुढचं मला दिसलंच नाही. धाड्‌कन आवाज झाला, वळून पाहिलं तर पट्टी कपाटाच्या पायाशी पडली होती. मी पात्याच्या रेषेत नव्हते, हातभर डावीकडे होते, म्हणून वाचले. आणि तिथेही मी ठरवून उभी नव्हते.

पात्यामागे जी पोलादी पट्टी असायला हवी, जिला रायव्हिंग नाइफ म्हणतात, ती त्या दिवशी ड्रॉवरमध्ये होती. मशीन आलं त्याच आठवड्यात मामांनी ती काढून ठेवली होती. तेव्हापासून आमचा वाद चालूच आहे. मामा चाळीस वर्षं सुतारकाम करताहेत, वडिलांच्या हाताखाली शिकलेले. मी कोर्स करून या कामात आलेली. आषाढातल्या एका दुपारी लाइट गेली आणि हा वाद पहिल्यांदाच नीट, शेवटपर्यंत झाला. दाराच्या चौकटीचा दांडा टेबलावर तसाच पडून होता. लाइट गेल्याबरोबर मामांनी काय केलं, तर आधी मशीनचं बटण बंद केलं आणि मग भिंतीवरचंही. आमच्या मशीनला साधं बटण आहे. नो-व्होल्ट स्विच नसला की वीज परत आल्यावर पातं आपोआप फिरायला लागतं, आणि तेव्हा कुणाचा हात टेबलावर असेल ते वीज बघत नाही. मामांना निष्काळजी म्हणता येणार नाही ते या अशा सवयींमुळे.

मी : मामा, लाइट येईपर्यंत ती पट्टी बसवून टाकू या. दोन बोल्टांचं तर काम आहे.

मामा : बसवू नको असं मी कुठं म्हणतोय? पण मला सांग, लाकूड कधी आवळतंय हे त्या पट्टीला कळतं का? मला कळतं. मोटरचा आवाज दबतो, फळी हाताला जड लागते, भुशाला करपल्याचा वास येतो. तिथंच मी थांबतो.

मी : थांबायला वेळ किती मिळतो, ते बघा. आपली मोटर मिनिटाला २,८८० फेरे घेते आणि पातं थेट तिच्यावर बसवलेलं आहे. म्हणजे सेकंदाला ४८ फेरे. पात्याला २४ दात. एका सेकंदात हजाराच्या वर दात एका जागेवरून जातात. डोळ्याला दिसलं, डोक्याला कळलं, हात हलला, यात माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतोच. तेवढ्यात सव्वादोनशे दात लाकडाला लागून गेलेले असतात.

मामा : आकडे बरोबर असतील. पण तुझी पट्टी उडाली ती आवाज न बदलता उडाली का? तू ऐकत नव्हतीस.

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी खरंच ऐकत नव्हते. पण ऐकलं असतं तरी काय झालं असतं, हा माझा मुद्दा आहे, आणि तो मांडण्याआधी पातं नेमकं काय करतं ते बघायला हवं. टेबल सॉचं पातं आपल्याकडे तोंड करून फिरतं. पुढचे दात वरून खाली येतात आणि फळीला टेबलावर दाबून धरतात. इथपर्यंत सगळं ठीक. मागचे दात मात्र खालून वर येतात. चिरलेली फळी मिटायला लागली, किंवा जरा तिरपी होऊन पात्याच्या मागच्या अंगाला टेकली, की ते दात तिला उचलतात आणि डोक्यावरून आपल्या दिशेने फेकतात. आमच्या दहा इंची पात्याच्या दातांचा वेग ताशी १३८ किलोमीटरच्या आसपास भरतो. पट्टीला त्यातला काही हिस्सा मिळाला तरी पुरे होतो. पत्र्याच्या कपाटाने ते दाखवलंच आहे. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. फळी उडते तेव्हा तिच्यावर टेकलेला हात आधाराशिवाय पुढे जातो, आणि पुढे पातं असतं.

मामा : म्हणून तर सांगतो, फळी आधी वाच. बटण नंतर.

असं म्हणून त्यांनी दुसऱ्या कामासाठी आणलेली एक फळी कोपऱ्यातून उचलली. ती वाचणं मी शेकडो वेळा बघितलंय, तरी दर वेळी बघत राहते. एक टोक डोळ्यापाशी धरून त्यांनी कडेवरून नजर टाकली, बाक आहे का ते पाहिलं. मग फळी टेबलावर आडवी ठेवून समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने अंगठ्याने दाबले. तिसऱ्या वेळी टक् असा बारीक आवाज आला. फळीला पीळ होता. नख टोकाच्या रेषांवरून फिरवून त्यांनी गाभ्याची बाजू कुठली ते बघितलं. एका गाठीपाशी रेषा वळल्या होत्या, तिथे पेन्सिलीने फुली मारली. शेवटी खिशातलं लोहचुंबक काढून दोन्ही अंगांवरून फिरवलं, कारण फळी पाडलेल्या वाड्याची होती आणि जुन्या सागात खिळा निघाला की कार्बाइडचे दात उडतात.

मामा : ही आज मशीनवर जाणार नाही. आधी रंधून एक अंग सपाट, मग एक कड सरळ. वाकडी कड गाइडला लावून चिरशील तर पट्टी वाकडीच निघेल, आणि मधेच अडकेल ती वेगळी. पिळाची फळी टेबलावर डुलते. डुलली की अडकली. तुझ्या पट्टीनं हे कळतं?

मी : नाही कळत. हे सगळं तुमच्याकडूनच शिकले. कोर्समध्ये सपाट अंग आणि सरळ कड सांगितली होती, पण फळी अशी दाबून बघायला कुणी शिकवलं नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. हाताला जे कळतं ते बटण दाबायच्या आधी कामाला येतं. पातं फिरायला लागल्यावर हाताला कळूनही उपयोग नाही, तेवढा वेळच नसतो.

मामा : मग चाळीस वर्षं मी काय नशिबावर काढली?

मी : नाही. चांगल्या लाकडावर काढलीत.

हे मी घाईत बोलले, पण जे गेलं वर्षभर माझ्या मनात होतं तेच बोलले. मामांचा हात ज्या सागावर तयार झाला तो बल्लारशाकडून यायचा. जुन्या, सावकाश वाढलेल्या झाडांचा, वखारीत दोन-तीन पावसाळे पडून राहिलेला. किंवा पेठेतल्या पाडलेल्या वाड्यांच्या तुळया, ज्यांच्यातला ताण कधीच निवून गेलेला. अशा लाकडाला चिरलं तर ते दोन भाग होऊन शांत पडतं. आज आमच्याकडे येणारा बराचसा साग लागवडीचा असतो, त्यातला पुष्कळसा आफ्रिकेतून आलेला. झाडं कोवळी, रेषा लांब लांब. त्यात कधी भट्टीत घाईने वाळवलेलं लाकूड येतं. घाईने वाळवलं की बाहेरचा थर आधी सुकतो, आतला मागाहून, आणि शेवटी दोघांमध्ये ओढाताण राहून जाते. वरून बघून ती कळत नाही. रंधल्यावरही कळत नाही. जाड दांडा उभा चिरला की मग दोन फाळ्या एकमेकींकडे झुकतात आणि चीर पात्यावर मिटते. मामांच्या कानाला ज्या लाकडाचा आवाज ओळखीचा आहे ते लाकूड आता क्वचित येतं.

मामा थोडा वेळ बोलले नाहीत. टेबलावरच्या दांड्यावर हात फिरवत राहिले.

मामा : हे खरंय. हल्लीचं लाकूड मला परकं वाटतं. पण मिटतं तसं ते फाकतंही. फाकलं तर तुझी पट्टी काय करणार?

मी : काही नाही करणार.

मामा : मग माझं गाइड बघ.

टेबल सॉवर फळी ज्या सरळ पट्टीला टेकवून ढकलतात तिला पुस्तकात फेन्स म्हणतात, मामा गाइड म्हणतात. त्यांच्या गाइडच्या आतल्या अंगाला प्लायचा एक जाड ठोकळा स्क्रूने बसवलेला आहे. तो टेबलाच्या पुढच्या कडेपासून सुरू होतो आणि पात्याच्या मध्यापाशी संपतो. मला तो नेहमी अर्धवट सोडलेल्या कामासारखा वाटायचा. मामांनी त्या दिवशी तो का आहे ते सांगितलं. चिरल्यावर फळीचा उजवा भाग बाहेरच्या बाजूला फाकला, आणि गाइड मागेपर्यंत लांब असलं, तर तो भाग गाइडवर रेटतो. गाइड हलत नाही. मग फळीच उलटी पात्यावर रेटली जाते. ठोकळा पात्याच्या मध्यावर संपला की फाकणाऱ्या लाकडाला पुढे मोकळी जागा मिळते. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. एका बाभळीच्या दांड्याने शिकवलं.

हीच गोष्ट युरोपातल्या मशीनवर कारखान्यातूनच येते. तिथे ठोस लाकूड चिरताना फेन्स मागे ओढून घेतात, म्हणजे तिचं टोक पात्यापाशीच संपतं. प्लाय किंवा एमडीएफ कापताना पुन्हा पूर्ण लांब करतात, कारण त्यात असा ताण नसतो. अमेरिकन मशीनवर फेन्स लांबलचक असते. मी अमेरिकन व्हिडिओ बघून शिकलेली, म्हणून मला मामांचा ठोकळा कळलाच नव्हता. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांना फार आनंद झाला असं नाही. ‘असेल,’ एवढंच म्हणाले. मला मात्र फार बरं वाटलं, कारण फाकणाऱ्या लाकडाचा उपाय त्यांच्याकडे होता आणि मिटणाऱ्या लाकडाचा ड्रॉवरमध्ये.

मी : ती पट्टी तुम्ही काढलीत का, ते तरी सांगा.

मामा : आधीच्या मशीनला होती ती गार्डला जोडलेली होती. पातं खाली घेतलं तरी ती तिथंच उभी. दाराला फळा बसवायला खाच मारायची तर फळी तिला अडायची. दर वेळी काढा, घाला. एकदा काढली ती काढलीच. नवीन मशीन आलं तेव्हा तीच डोकेदुखी नको म्हणून आधीच काढून ठेवली.

मी : नव्याची तशी नाही. ती पात्याबरोबर वरखाली होते आणि पात्याच्या माथ्यापेक्षा थोडी खालीच राहते. खाच मारतानाही काढावी लागत नाही.

मामांनी ड्रॉवर उघडून ती बाहेर काढली. वर भुशाचा थर बसला होता. माशाच्या परासारखी वाकलेली, पात्याच्या गोलाईला मिळती. मी व्हर्नियर आणला. तिची जाडी अडीच मिलिमीटर भरली. पात्याचं अंग २.२, आणि दातांनी पडणारी चीर ३.२, म्हणजे सुताराच्या मापात बरोबर एक सूत. पट्टी पात्याच्या अंगापेक्षा जाड आणि चिरेपेक्षा बारीक असावी लागते. जास्त बारीक असली तर मिटणारं लाकूड तिला वळसा घालून पात्याला टेकतं, चिरेहून जाड असली तर फळी तिच्यावर अडते. लाकूड वाचावं म्हणून लोक बारीक पाती घेतात, त्यांची चीर २.४ मिलिमीटर. तशा पात्यामागे ही पट्टी चालणार नाही, त्याला त्याची वेगळी लागेल. पातं बदललं की हे माप बघायचंच.

मामांनी ती हातात उलटसुलट केली आणि म्हणाले, ‘ही तर पाचर आहे.’

मामा : बाबा आणि त्यांचे भाऊ ओंडका चिरायचे ते खड्ड्यावर ठेवून. एक जण वर, एक खाली, मधे लांब करवत. हातभर चीर गेली की ती मिटायला लागायची आणि करवत आवळायची. मग बाबा मागे पाचर ठोकायचे. करवत पुढे गेली की पाचर पुढे. आम्ही पोरं तिथं बसलेलो असायचो. पंचतंत्रातली माकडाची गोष्ट ते तिथंच सांगायचे. देऊळ बांधणारे सुतार दुपारचे जेवायला गेले, अर्धवट चिरलेल्या ओंडक्यात खैराची पाचर तशीच होती, माकड त्यावर बसलं आणि त्यानं ती उपटली. बाबा म्हणायचे, बाकीच्यांना ही गोष्ट नसत्या उठाठेवीची वाटते. सुताराच्या पोरानं ती लाकडाची गोष्ट म्हणून ऐकावी. चिरलेलं लाकूड मिटतं.

हे सांगताना त्यांचा आवाज मऊ झाला होता. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून शिसवीची बोटभर पाचर काढली. लांब फळी चिरताना मशीन बंद करून ती चिरेत बसवायची त्यांची पद्धत मला माहीत होती. ती कुठून आली हे त्या दिवशी कळलं.

मी : मग ही तीच पाचर समजा. फक्त हिला कुणी ठोकायला लागत नाही. चीर पडली की दोन बोटांच्या आत ही तिथे असते.

यानंतर आमचं भांडण अचूकपणावर आलं, आणि तिथे मी मागे हटले नाही. मामा गाइडची मापपट्टी बघून माप लावत नाहीत, हे त्यांचं बरोबरच आहे. ते टेपने पात्याच्या दातापासून गाइडपर्यंत मोजतात. पण पुढच्या दातापाशी एकदाच मोजतात. माझा आग्रह असा की पात्याच्या एका दातावर मार्करने खूण करावी, तो दात पुढे आणून टेबलाच्या खाचेपासूनचं अंतर मोजावं, मग हाताने पातं फिरवून तोच दात मागे न्यावा आणि पुन्हा मोजावं. तोच दात दोन्हीकडे, म्हणजे पात्यात थोडा वाक असला तरी मापाला बाधा नाही. पातं खाचेशी समांतर आहे हे ठरलं की गाइड खाचेशी समांतर लावायचं. मशीनची वायर अर्थातच काढलेली हवी. आम्ही मोजलं. गाइड मागच्या बाजूला अर्ध्या मिलिमीटरने पात्याकडे झुकलेलं निघालं.

मामा : अर्धा मिलिमीटर! आपण काय घड्याळ बनवतोय?

मी : चौकटीला अर्धा मिलिमीटर चालेल. पण फळी पुढे जाईल तसतशी ती मागच्या दातांवर दाबली जातेय. पट्ट्यांच्या कडेला काळे डाग येतात ना, ते तुम्ही पात्याची धार गेली म्हणून सोडून देता. धार गेलेली नाही.

मामांनी मागच्या आठवड्यातली एक पट्टी उचलून तिची कड उजेडात धरली. करपल्याचे डाग होते, आणि त्यांच्यात दातांचे गोल ओरखडे उलट्या दिशेने गेले होते. मागच्या दातांनी पुन्हा कापल्याची ती खूण. काही न बोलता त्यांनी पाना घेतला आणि गाइड सैल केलं.

पात्याची उंची किती ठेवायची यावर आमचं आजही जमलेलं नाही. मामा दात फळीच्या वर जेमतेम सूतभर ठेवतात. उघडं पातं जितकं कमी तितकं बरं, असं त्यांचं म्हणणं. मी दातांमधली खाच फळीच्या वर येईल इतकं ठेवते, म्हणजे भुसा बाहेर पडतो, पातं तापत नाही आणि दात फळीला मागे ढकलण्यापेक्षा खाली जास्त दाबतात. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. वर गार्ड असेल तर माझं बरोबर, नसेल तर त्यांचं.

ढकलायच्या काठीबद्दल मात्र मला एक इंचही सोडायचा नव्हता. मामा वर्कशॉपमध्ये पडलेली कुठलीही चीप उचलून शेवटची वीतभर फळी ढकलतात. चीप फक्त मागून रेटते, खाली दाबत नाही, त्यामुळे मागच्या दातांनी फळी उचलली तर तिला धरायला काही नसतं. मी १८ मिलिमीटर प्लायचा, चपलेच्या आकाराचा ठोकळा बनवलाय, मागे टाच असलेला. तो फळीवर बसतो, दाबतो आणि टाचेने ढकलतो. पातं आणि गाइड यांच्या मधला जो भाग आहे तोच ढकलायचा, रायव्हिंग नाइफच्या पार जाईपर्यंत सोडायचा नाही. त्या दिवशी मी नेमका तोच भाग अर्ध्यावर सोडला होता. पलीकडे पडलेल्या तुकड्याला पातं पूर्ण थांबेपर्यंत हात लावायचा नाही. हातमोजे घालायचे नाहीत, यावर आमचं एकमत आहे.

मामा : अमेरिकेत म्हणे असं मशीन आहे की बोट लागलं की पातं जागच्या जागी थांबतं. तेच घेऊ या की मग.

मी : आहे. स्टीव्ह गॅस नावाच्या माणसाला १९९९ मध्ये ते सुचलं. तो भौतिकशास्त्र शिकलेला आणि पेटंटचा वकील. पात्यात अगदी क्षीण विद्युत संकेत सोडलेला असतो. माणसाच्या कातडीला लागला की तो बदलतो, आणि अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो. पाच मिलिसेकंदांत पातं थांबतं. पण मामा, ते बोट ओळखतं. उडणारी फळी ओळखत नाही. त्या मशीनलाही रायव्हिंग नाइफ दिलेलीच आहे.

रायव्हिंग नाइफ ही काही नवी गोष्ट नाही. कारखाना कायदा १९४८ चा, आणि त्याखालच्या महाराष्ट्राच्या १९६३ च्या नियमांत लाकूडकामाच्या यंत्रांसाठी वेगळी अनुसूची होती. गोल करवतीच्या मागे रायव्हिंग नाइफ, वर गार्ड, आणि हाताशी ढकलायची काठी, हे तिन्ही तिच्यात होतं. पण ज्या वर्कशॉपमध्ये चार माणसं काम करतात तिथे हा कायदा पोहोचतच नव्हता. साइटवर तर प्लायच्या टेबलाला खालून हातकटर उलटं बांधून त्यावर दिवसभर पट्ट्या चिरणारी मुलं मी पाहते. त्याला गाइड म्हणून एक फळी आणि दोन क्लॅम्प. पात्यामागे काहीच नाही. त्या मुलांपाशी मामांचे कान नाहीत आणि माझी पट्टीही नाही. त्यांच्याकडे बघितलं की आमचा वाद मला लाडाचा वाटतो.

चार वाजता लाइट आली. मामांनी आधीच पट्टी बसवली होती, पात्यापासून पाच मिलिमीटरवर, आणि गुण्या लावून ती पात्याच्या सरळ रेषेत आहे ना ते दोनदा बघितलं होतं. चौकटीचा दांडा मी घेतला. सहा फूट लांब, तीन इंच जाड, आफ्रिकेचा साग. कड रंधलेली होती. तो गाइडला टेकवून मी ढकलायला लागले. मामा बाजूला उभे राहून मान तिरपी करून ऐकत होते.

अर्ध्याच्या पुढे त्यांनी हात वर केला. मला काही वेगळं ऐकू आलं नव्हतं. दांडा घट्ट धरून मी बटण बंद केलं आणि पातं थांबेपर्यंत थांबले. मामा वाकले. पात्यापाशी एक सुताची असलेली चीर टोकाकडे अर्ध्या सुतावर आली होती. दोन्ही फाळ्या पोलादी पट्टीला दोन्ही बाजूंनी चिकटल्या होत्या, इतक्या की मामांचं नख मधे गेलं नाही. पातं मोकळं होतं. त्यांनी ते हाताने थोडं फिरवून बघितलं.

मग त्यांनी खिशातली शिसवीची पाचर काढली, दांड्याच्या टोकाला चिरेत ठेवली आणि हातोडीच्या दोन हलक्या ठोक्यांत बसवली. चीर उघडली.

‘दांडा दोन बोटं मागे घे, दात लाकडाला लागता कामा नयेत,’ ते म्हणाले. मी घेतला. बटणाकडे हात नेला तर म्हणाले, ‘थांब,’ आणि माझ्या खांद्याला धरून मला पात्याच्या रेषेतून हातभर डावीकडे सरकवलं.